फोन तोच, मग किंमत निराळी का?

‘तिकडे फोन स्वस्त असेल ना? येताना एक घेऊन ये.’ भारतातून येणारा हा निरोप बेसिंगस्टोकमधल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी पोचलेला आहे. डिसेंबरची तिकिटे काढली की यादी सुरू होते आणि पहिला नंबर फोनचा असतो. गंमत अशी, की न्यू जर्सीत राहणारा चुलतभाऊ नेमके उलटे सांगत असतो : ‘तुमच्याकडे फारच महाग बुवा! आमच्याकडे ७९९ डॉलर, तुमच्याकडे ७९९ पौंड. नुसते चिन्ह बदलले, आकडा तोच!’ म्हणजे भारतातल्या मंडळींच्या मते आपण स्वस्ताईच्या देशात राहतो आणि अमेरिकेतल्या मंडळींच्या मते आपण लुटले जातो. खरे कोणाचे?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अर्थशास्त्र शिकलेलो नाही, पण एखादा प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देऊ लागला की त्याची एकेक ओळ वेगळी काढून तपासायची सवय हाताला लागलेली आहे. तीच पद्धत मी फोनच्या किमतीला लावून पाहिली. त्यातून निघालेले उत्तर बरेच सोपे आहे आणि सुटीला भारतात जाणाऱ्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कर बाजूला काढू

उदाहरणासाठी एकच फोन घेऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ बाजारात आला. सर्वांत साध्या मॉडेलची किंमत अमेरिकेत ७९९ डॉलर, इथे ७९९ पौंड आणि भारतात ७९,९०० रुपये होती. त्या सुमारास डॉलर साधारण ८३ रुपयांना आणि पौंड साधारण १०३ रुपयांना होता. सरळ गुणाकार केला तर अमेरिकेत ६६,३००, भारतात ७९,९०० आणि आपल्याकडे ८२,३०० रुपये. म्हणजे सर्वांत महाग आपणच!

पण या तीन किमती एका जातीच्या नाहीत. अमेरिकेत दुकानातल्या पाटीवर विक्रीकर धरलेला नसतो. तो काउंटरवर वर चढतो आणि प्रत्येक राज्यात वेगळा असतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, ऑरेगॉनमध्ये शून्य. आपल्या फेस्टिव्हल प्लेसमधल्या दुकानात जी किंमत लिहिलेली असते तिच्यात २० टक्के व्हॅट आधीच मिसळलेला असतो. (१७.५ टक्क्यांचा हा दर २० टक्के झाला जानेवारी २०११ मध्ये.) भारतातल्या किमतीतही १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. आंबे तोलायचे तर आधी पेटीचे वजन वजा करावे लागते. तसे करून पाहू.

इथल्या ७९९ पौंडांतून व्हॅट काढला तर उरतात जवळजवळ ६६६ पौंड, म्हणजे ६८,६०० रुपये. भारतातल्या ७९,९०० मधून जीएसटी काढला तर उरतात ६७,७००. अमेरिकेत करावाचून ६६,३०० होतेच. तीन देश, तीन चलने, आणि फरक जेमतेम दोन-अडीच हजार रुपयांचा! म्हणजे चुलतभाऊ म्हणतो तशी लूट कंपनीने केलेली नाही. त्याला आणि आपल्याला दिसणाऱ्या किमतीतला मोठा भाग आपल्या ट्रेझरीकडे जातो, आणि त्यातूनच आपला एनएचएस आणि मुलांच्या शाळा चालतात. कर भरताना कोणाला आनंद होत नाही, पण पैसे कुठे गेले ते कळलेले बरे.

फोन कुठे जोडला?

आता त्याच महिन्यात आलेला मोठा भाऊ पाहा, आयफोन १५ प्रो. अमेरिकेत ९९९ डॉलर, इथे ९९९ पौंड, आणि भारतात १,३४,९०० रुपये. कर काढले तर अमेरिकेत ८२,९००, इथे ८५,७०० आणि भारतात १,१४,३०० रुपये. इथे मात्र भारत एकदम अठ्ठावीस हजारांनी पुढे गेला. कंपनी तीच, दुकान तेच, महिना तोच. मग धाकट्याला एक न्याय आणि थोरल्याला दुसरा असे का?

कारण धाकटा आयफोन १५ भारतातच, तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला जोडला जात होता, आणि प्रो परदेशातून येत होता. परदेशातून येणाऱ्या तयार फोनवर भारतात कस्टम ड्यूटी लागते. जुलै २०१७ मध्ये ती १० टक्के ठरली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १५ झाली आणि फेब्रुवारी २०१८ च्या अंदाजपत्रकात २०. तिच्यावर समाजकल्याण अधिभार आला, तो धरून २२ टक्के. पुढे जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकात ती पुन्हा १५ टक्क्यांवर, म्हणजे अधिभारासह १६.५ टक्क्यांवर आणली गेली.

यात आणखी एक मेख आहे. जीएसटी लागतो तो मूळ किंमत अधिक ड्यूटी या बेरजेवर. म्हणजे करावर पुन्हा कर. १०० रुपयांची वस्तू धरा. २२ टक्के ड्यूटीने ती १२२ ची झाली आणि त्यावर १८ टक्के चढल्यावर जवळजवळ १४४ ची. १६.५ टक्क्यांच्या दराने हाच हिशेब साडेसदतीस टक्क्यांवर येतो. याउलट आपल्याकडे फोनवर कस्टम ड्यूटी शून्य आहे. १०० पौंडांचा फोन व्हॅटसह १२० चा होतो आणि तिथेच थांबतो. (ड्यूटी बंदरावर उतरलेल्या किमतीवर लागते, दुकानातल्या नव्हे. त्यामुळे दुकानातल्या किमतीवरून ड्यूटीचा नेमका आकडा काढता येत नाही, पण अंदाज बांधता येतो.)

ड्यूटीचा परिणाम खरोखर ग्राहकापर्यंत पोचतो का, याचा पुरावा दोनदा मिळाला. डिसेंबर २०१७ मध्ये ड्यूटी वाढली तेव्हा ॲपलने भारतात आपल्या फोनच्या किमती वाढवल्या, फक्त आयफोन एसई सोडून. का? तो तेवढा बेंगळुरूत जोडला जात होता. दुसऱ्यांदा, जुलै २०२४ मध्ये ड्यूटी घटली आणि १५ प्रो ची किंमत ५,१०० रुपयांनी उतरून १,२९,८०० झाली. त्याच वर्षी प्रो फोनही भारतात जोडायला सुरुवात झाली आणि सप्टेंबरमध्ये आलेला आयफोन १६ प्रो १,१९,९०० रुपयांना लागला, मागल्या वर्षीपेक्षा १५,००० ने कमी. इथली किंमत मात्र ९९९ पौंड होती ती ९९९ पौंडच राहिली.

हे शुल्क लावले तरी कशाला?

आपल्याकडे शून्य ड्यूटी असण्यामागे १९९६ चा एक करार आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सिंगापूरच्या बैठकीत संगणक, दूरसंचाराची यंत्रे अशा वस्तूंवरचे आयात शुल्क काढून टाकायचे ठरले. भारतही या करारात आला. पण भारताचे म्हणणे असे, की करार झाला तेव्हा स्मार्टफोन ही चीजच नव्हती, तेव्हा तो त्यात कसा बसेल? युरोपियन युनियन, जपान आणि तैवान यांना हे पटले नाही. प्रकरण संघटनेच्या तंटा मंडळापुढे गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये निकाल भारताच्या विरुद्ध लागला. भारताने तो मान्य केलेला नाही.

भारत सरकारचा हेतू उघड आहे. ड्यूटीची भिंत उंच केली की कंपन्या कारखाना भिंतीच्या आत आणतात. २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजनाही आली. हेतू बराच साधला असे म्हणावे लागेल, कारण भारतात विकले जाणारे बहुतेक फोन आता भारतातच जोडले जातात. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र यातले फार आले नाही. २०१५ मध्ये फॉक्सकॉनने राज्य सरकारशी पाच अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता, पण तो कारखाना उभा राहिलाच नाही. असो. या धोरणाचे दोन्ही बाजूंनी समर्थन करता येते. श्रीपेरुंबुदूरच्या मुलीला नोकरी मिळाली हे खरे, आणि ज्याला परदेशातून येणाराच फोन हवा होता त्याने भिंतीचा खर्च भरला हेही खरे.

काही जण विचारतात, २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या, आता इथून नेलेल्या फोनवर सूट मिळेल का? अशा करारांत सवलत मिळते ती वस्तू कुठे विकत घेतली यावर नव्हे, तर ती कुठे तयार झाली यावर. इथल्या दुकानातला फोन चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये किंवा खुद्द भारतात जोडलेला असतो. बेसिंगस्टोकची पावती जोडल्याने तो ब्रिटिश होत नाही.

भारतच काय तो महाग, असेही नाही. ब्राझीलमध्ये केंद्राचे आणि राज्याचे कर एकावर एक चढतात. तुर्कस्तानने तर आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. परदेशात घेतलेला फोन तिथल्या नेटवर्कवर कायम चालवायचा तर नोंदणी करावी लागते आणि २०२५ मध्ये तिची फी ४५,६१४ लिरा होती. नोंदणी न केलेला फोन १२० दिवसांनी बंद होतो. (अंताल्याला आठवडाभर जाणाऱ्यांनी घाबरू नये!) उलट टोकाला हाँगकाँग आहे. तिथे फोनवर ना ड्यूटी ना व्हॅट.

पौंड घसरला की

कर आणि ड्यूटी यांच्या जोडीला तिसरी गोष्ट चलनाची. कंपन्या फोनची किंमत ठरवतात ती साधारण वर्षभरासाठी. चलन मात्र रोज हलते. २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर पौंड घसरला. त्याआधीच्या सप्टेंबरमध्ये आलेला आयफोन ६एस इथे ५३९ पौंडांना होता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन ७ आला तो ५९९ पौंडांना. अमेरिकेत दोन्ही वेळा किंमत ६४९ डॉलरच होती. फोन महाग झाला नव्हता, आपला पौंड हलका झाला होता. रुपयाचेही तसेच. पौंड १०३ वरून ११० रुपयांना गेला की इथला फोन भारताच्या हिशेबात आपोआप सात टक्क्यांनी महाग होतो, आणि इथे घ्यायचा की तिथे, या गणिताचे उत्तर बदलते.

बॅगेतून फोन न्यावा का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वी आई-वडील इथे राहायला आले की परत जाताना त्यांच्या नावाने केलेल्या खरेदीवरचा व्हॅट विमानतळावर परत मिळत असे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. अजूनही अनेक घरांत ती चालू आहे अशी समजूत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. दुकानदाराने वस्तू थेट परदेशी पाठवली तर व्हॅट वगळता येतो, पण मग तिकडे पोचल्यावर भारताची ड्यूटी लागणारच.

दुसरी बाजू मुंबई विमानतळावरची. स्वतःच्या वापरातला फोन हे वैयक्तिक सामान. पेटीबंद दुसरा फोन ही मात्र आणलेली वस्तू. भारताच्या २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतीय वंशाच्या प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानाची माफी ठरली होती आणि त्यावरच्या रकमेवर अधिभारासह ३८.५ टक्के ड्यूटी होती. या आकड्यांनी हिशेब करू.

२०२३ मध्ये ७९९ पौंडांचा फोन म्हणजे ८२,३०० रुपये. माफी वजा जाता ३२,३०० वर ड्यूटी सुमारे १२,४००. एकूण ९४,७००. तोच फोन पुण्यात ७९,९०० ला मिळत होता! ड्यूटी अजिबात धरली नाही तरीसुद्धा इथून नेण्यात दोन-अडीच हजारांचा तोटाच होता. १५ प्रो मध्ये मात्र फायदा होता. इथले १,०२,९०० अधिक ड्यूटी २०,४००, म्हणजे १,२३,३००, आणि तिथे १,३४,९००. साडेअकरा हजार वाचत. पण पुढच्याच वर्षी पौंड ११० च्या आसपास आला आणि प्रो तिथे १,१९,९०० ला मिळू लागला. मग इथला फोन ड्यूटीसह १,३३,००० च्या घरात गेला, म्हणजे तेरा हजारांचा तोटा. बारा महिन्यांत उत्तर फिरले. माफीची मर्यादा आणि दर सरकार बदलते, म्हणून निघण्यापूर्वी भारताच्या कस्टम्स खात्याच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम अवश्य पाहावा. आणि ‘कोण बघतोय’ म्हणून खोके फेकून फोन खिशात घालून नेण्याचा सल्ला मी देणार नाही. दंड बसला तर तो कोणत्याही बचतीपेक्षा मोठा असतो.

पैशांपलीकडचाही एक हिशेब आहे. आमच्या परिचयातल्या एका घरातल्या आजी साताऱ्याला एकट्या राहतात. त्यांच्या फोनची काच फेब्रुवारीत फुटली आणि कॅमेराही गेला. मुलगा डिसेंबरात जाणारच होता, तेव्हा ‘इथून चांगला आणतो’ असे ठरले. आजींनाही ते पटले, मुलाचे पैसे वाचले तर बरेच! तोवर फक्त आवाज ऐकायचा. ‘बरी आहे’ एवढेच रोज कानावर यायचे. ऑगस्टमध्ये भाची भेटायला गेली तेव्हा तिला दिसले, की आजींचे दोन्ही पाय सुजलेले आहेत, चप्पलही धड घालता येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पायांवर सूज येऊ शकते, तसेच ते निघाले. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सूज उतरली. पण कितीतरी आठवडे आजी हे अंगावर काढत होत्या, आणि रोज व्हिडिओवर दिसल्या असत्या तर सुनेने पहिल्याच आठवड्यात ओळखले असते. साताऱ्याच्या दुकानात वीस हजारांत मिळणारा फोन या कामाला पुरेसा होता. भाचीने तो दुसऱ्या दिवशी आणून दिला.

तर काय करावे?

१. ज्याला जिथे फोन वापरायचा आहे, त्याने तो तिथेच घ्यावा. भारतातल्या आई-वडिलांसाठी पैसे पाठवा आणि तिथल्या दुकानातून पक्क्या बिलासह फोन घ्यायला सांगा. बिघडला तर दुरुस्ती आणि वॉरंटीसाठी बिल तिथलेच उपयोगी पडते.

२. विशिष्ट महागडे मॉडेलच न्यायचे असेल तर आधी ते भारतात जोडले जाते का ते पाहा. जोडले जात असेल तर इथून नेण्यात सहसा अर्थ नाही. आयात होत असेल तर त्या दिवशीचा पौंडाचा भाव आणि ड्यूटी धरून कागदावर बेरीज करा.

३. अमेरिकेतल्या भावाकडून आयफोन मागवताना लक्षात ठेवा, की आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, तिथल्या आयफोनला सिमकार्डाची खाचच नसते. सगळे ई-सिमवर चालते. आपल्याला ते जमेल, पण सत्तरीतल्या काकांना दुकानातल्या पोराने कार्ड घालून दिलेले सोपे जाते.

४. हाँगकाँग किंवा दुबईहून स्वतःसाठी फोन आणताना इथे परत येण्याची मर्यादा ३९० पौंडांची आहे. एकच वस्तू त्याहून महाग असेल तर वरच्या फरकावर नव्हे, संपूर्ण किमतीवर व्हॅट लागतो. टपालाने मागवलेल्या महागड्या फोनवर व्हॅट तर लागतोच, शिवाय कुरिअर कंपनी आपली हाताळणीची फी लावते. स्वस्ताई तिथेच संपते.

५. इथे फोन घेताना शक्यतो क्रेडिट कार्ड वापरा आणि महिनाअखेर पूर्ण बिल भरून टाका. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या ७५ व्या कलमाप्रमाणे १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूत दोष निघाला तर दुकानाइतकीच जबाबदारी कार्ड कंपनीवर येते. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. परदेशातल्या अनोळखी विक्रेत्याकडून वाचवलेल्या पन्नास पौंडांत ही हमी बसत नाही.

६. आपल्यातले बरेच जण स्वतःच्या कंपनीमार्फत कंत्राटी काम करतात. कंपनीने स्वतःच्या नावाने कर्मचाऱ्याला दिलेला एक मोबाईल करपात्र लाभ धरला जात नाही, आणि कंपनी व्हॅटसाठी नोंदलेली असेल तर कामाच्या वापरापुरता व्हॅट सहसा परत मागता येतो. मात्र व्हॅटचे नियम योजनेनुसार बदलतात, तेव्हा आपल्या अकाउंटंटला विचारून घ्यावे.

थोडक्यात काय, तर कर, जोडणीची जागा आणि चलन ही तीन कुलपे उघडली की फोनच्या किमतीचे कोडे सुटते. यंदा भारतातून यादी आली की ‘आणतो’ म्हणण्याआधी पाच मिनिटे कागद-पेन्सिल घेऊन बसा. हिशेब तिथेच घेण्याच्या बाजूने निघाला, तर डिसेंबरची वाट पाहू नका. पैसे आजच पाठवा आणि रात्री व्हिडिओवर आईला सांगा, ‘जरा पाय दाखव बघू!’ बॅगेत रिकाम्या झालेल्या जागेत नातवंडांनी काढलेली चित्रे आणि चहाचे दोन डबे सहज मावतील. त्यांवर ड्यूटीची चिंता नाही.